जंगलाचं खातं कोण तपासणार?

दर दोन वर्षांनी डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेचा अहवाल येतो आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मथळा ठरलेला असतो: देशाचं हिरवं आच्छादन वाढलं. डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या २०२३ च्या अहवालात वनं आणि झाडं मिळून देशाचा २५.१७ टक्के भूभाग भरला. त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. त्याची चर्चा कमी झाली, वजन मात्र जास्त आहे. २००५ च्या तुलनेत आपल्या जंगलांत आणि झाडांत साठलेला कार्बन २.२९ अब्ज टन कार्बन डायऑक्साइडइतका वाढला, असं अहवाल सांगतो. पॅरिस कराराखाली भारताने २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टनांच्या जादा साठवणीचं वचन दिलं आहे. कागदावर तरी आपण उंबरठ्यावर पोचलो आहोत.

हा आकडा खोटा आहे असं मला म्हणायचं नाही. उपग्रहाची छायाचित्रं, निवडक तुकड्यांवर जाऊन घेतलेली खोडांच्या घेराची मापं, मातीचे नमुने आणि त्यावरून मांडलेली सूत्रं, ही पद्धत जगभर चालते. पण ती उत्तर देते ते एकाच प्रश्नाचं: किती साठा आहे? आणि हे उत्तरही बरंच ऐसपैस असतं. एक हेक्टरहून मोठा आणि दहा टक्क्यांहून जास्त छत्र असलेला कोणताही तुकडा, मालक कोण आणि झाडं कसली हे न विचारता, वन आच्छादनात धरला जातो. रत्नागिरीतली हापूसची बाग, श्रीवर्धनची नारळी-पोफळीची वाडी आणि कोयनेचं अभयारण्य नकाशावर एकाच कुटुंबातले होतात. हा साठा आज वाढतोय की आतून झिजतोय, गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याने त्याचं काय केलं, पाऊस पंधरा दिवस लांबला तेव्हा काय झालं, या प्रश्नांना तिथे उत्तर नाही. एकूण साठ्याचा निम्म्याहून जास्त वाटा मातीत आहे, आणि मातीतला बदल दोन अहवालांच्या मधल्या अवधीत खणून सापडावा इतका मोठा सहसा नसतो.

साठा मोजणाऱ्याबरोबर देवाणघेवाण मोजणाराही हवा. तो एका जागी वीस-तीस वर्षं बसणारा हवा, आणि त्याला नको ते उत्तर देण्याची मुभा हवी. हे तिन्ही एकत्र जगात कुठे कुठे जमलं आहे आणि त्यातून काय निघालं, हे पाहिलं तर आपल्याकडे नेमकं कशाचं दारिद्र्य आहे ते कळतं. ते यंत्रांचं नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावाजवळ हार्वर्ड विद्यापीठाने १९०७ पासून सांभाळलेलं जंगल आहे. १९९० च्या सुमारास स्टीव्हन वॉफ्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे सुमारे तीस मीटर उंचीचा, झाडांच्या शेंड्यांच्या वर डोकं काढणारा टॉवर उभा केला. अशा टॉवरच्या टोकाशी दोन यंत्रं काम करतात. एक ध्वनिलहरींवर चालणारा वारामापक. त्याच्या समोरासमोरच्या बाहूंमधून लहरी इकडून तिकडे धावतात आणि त्यांना लागलेल्या वेळेवरून वारा वर चालला आहे की खाली, आणि किती वेगाने, हे समजतं. दुसरं यंत्र हवेतून अवरक्त किरण सोडतं. कार्बन डायऑक्साइड त्यातले काही किरण शोषतो, त्यावरून त्याचं प्रमाण निघतं. दोघंही सेकंदाला दहा-वीस वेळा नोंद करतात. दिवसा पानं कार्बन ओढत असतात, त्यामुळे जंगलातून वर येणारी हवेची गिरकी किंचित हलकी, म्हणजे कार्बन कमी असलेली असते, आणि वरून खाली जाणारी किंचित भरलेली. फरक दहा लाखांत चारशेवीसपैकी जेमतेम एखाददोन भागांचा. सेकंदाला दहा या हिशेबाने अर्ध्या तासात अठरा हजार नोंदी होतात. प्रत्येक नोंदीतला वारा आणि वायू यांची सांगड घातली की त्या अर्ध्या तासात जंगलाने किती घेतलं किंवा किती सोडलं ते मिळतं. यामागचं गणित ऑस्बर्न रेनॉल्ड्सने १८९५ मध्येच मांडलं होतं. त्याला पुरे पडेल इतकं चपळ यंत्र यायला विसाव्या शतकाची अखेर उजाडली.

वर्षात असे १७,५२० अर्धे तास असतात. त्यातले साधारण एक तृतीयांश वाया जातात. वीज जाते, विजा पडतात, कोळी यंत्रावर जाळं विणतो. पाऊस आला की वारामापकाच्या टोकांवर थेंब बसतात, वायुमापकाची भिंगं ओली होतात आणि नोंद निरुपयोगी ठरते. न्यू इंग्लंडमध्ये हे चालून जातं. आपल्याकडे चार महिने पाऊस हाच मुख्य विषय असताना यंत्र नेमकं तेव्हाच आंधळं होतं. उघड्यावरच्या यंत्राऐवजी नळीतून हवा आत ओढणारं यंत्र वापरता येतं, पण मग नळीतली दमट हवा वेगळे उपद्व्याप करते.

सगळ्यात मोठी गोम रात्रीची आहे. जंगलाची वर्षाची शिल्लक म्हणजे दोन मोठ्या रकमांमधला छोटा फरक. पीटरशॅमच्या जंगलात सुरुवातीच्या वर्षांत ढोबळमानाने हेक्टरी तेरा टन कार्बन प्रकाशसंश्लेषणातून आत येई, अकरा टन झाडांच्या आणि मातीच्या श्वसनातून बाहेर जाई, दोन टन उरत. घरात महिन्याला तेरा हजार यावेत आणि अकरा खर्च व्हावेत, पण जमा लिहिणारा चोख आणि खर्च लिहिणारा डुलक्या घेणारा असावा, तशी इथली गत आहे. दिवसा वारा खेळता असतो, हिशेब बरोबर लागतो. रात्री हवा निपचित पडते, मातीतून निघालेला वायू झाडांखाली साचतो किंवा उतारावरून ओघळून दुसरीकडे जातो, आणि टॉवरला त्याचा पत्ताच लागत नाही. परिणामी जंगल आहे त्यापेक्षा गुणी दिसतं. म्हणून निपचित रात्रींच्या नोंदी टाकून द्यायच्या आणि त्या जागा वाहत्या रात्रींवरून भरून काढायच्या, असा रिवाज आहे. किती निपचित म्हणजे टाकाऊ, ही रेघ संशोधक ठरवतो, आणि ती थोडी सरकली तरी वर्षाचा आकडा हलतो. सह्याद्रीसारख्या उतारांच्या मुलखात ही अडचण दुप्पट होईल.

एवढी व्यंगं असताना ही पद्धत कशाला उराशी धरायची? कारण यातल्या बऱ्याच चुका दर वर्षी त्याच दिशेने होतात. एका वर्षाच्या आकड्यावर मी पैज लावणार नाही. त्याच टॉवरवर, त्याच पद्धतीने, वीस वर्षं घेतलेल्या नोंदींतल्या चढउतारावर लावीन.

पीटरशॅममध्ये नेमकं हेच घडलं. ते जंगल एकोणिसाव्या शतकात लोकांनी शेती सोडल्यावर त्या जमिनींवर वाढलेलं. १९३८ च्या चक्रीवादळात त्यातलं पुष्कळ आडवं झालं होतं. नव्वदच्या दशकात त्यातली झाडं पाऊणशे-शंभर वर्षांची होती. पाठ्यपुस्तकाप्रमाणे आता त्याचा वेग मंदावायला हवा होता. मधल्या एखाद्या वर्षी आकडा झपकन खालीही आला, आणि तिथेच निधी संपला असता तर पुस्तक बरोबर ठरल्याचा निबंध लिहून सगळे घरी गेले असते. पण नोंद चालू राहिली. १९९२ ते २००४ या काळात हेक्टरी दोन टनांच्या आसपास असलेली वार्षिक शिल्लक चढत चढत पाचच्या घरात गेली. त्यात मोठा वाटा लाल ओकचा होता. बाकीची झाडं रेंगाळत असताना तो वाढतच राहिला. कुणालाही आधी हे सांगता आलं नव्हतं, आणि तीन वर्षांच्या प्रकल्पात ते दिसलंही नसतं.

उलट दिशेचं उदाहरण कॅनडातल्या मॅनिटोबाचं. तिथल्या काळ्या स्प्रूसच्या जुन्या जंगलात १९९४ ते १९९७ या काळात टॉवर होता. झाडं वाढत होती. घेर मोजणाऱ्याने जंगल कार्बन साठवतं आहे असंच लिहिलं असतं. टॉवरने मात्र दाखवलं की एकूण हिशेब शून्याच्या आसपास, किंबहुना थोडा तोट्यातच आहे. खोलवरची गोठलेली माती उन्हाळ्यात जास्त वितळत होती आणि तिच्यात पूर्वी साठलेला कार्बन बाहेर पडत होता. झाडांनी मिळवलेलं मातीने घालवलं. झाडंच मोजणाऱ्या पद्धतीला हे कधीच कळलं नसतं.

२००३ च्या उन्हाळ्यात युरोप भाजून निघाला. फिलिप सिए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये त्या उन्हाळ्याचा हिशेब मांडला, तो खंडभर पसरलेल्या टॉवरांच्या नोंदी हाताशी होत्या म्हणून. उष्णता आणि कोरड यांमुळे खंडाचं प्रकाशसंश्लेषण सुमारे तीस टक्क्यांनी घटलं, आणि एरवी कार्बन घेणारी युरोपची जमीन त्या वर्षी देणारी ठरली. आधीच्या चार वर्षांची कमाई एका उन्हाळ्यात गेली. उन्हाळा वाढला, झाडांना वाढायला जास्त दिवस मिळाले, तर उत्तरेकडची जंगलं जास्त कार्बन घेतील, अशी सोयीची आशा तोवर बऱ्याच जणांनी बाळगली होती. ती या आकड्यांनी मोडली. एखादं जंगल आज शोषतं म्हणून २०५० पर्यंत शोषतच राहील, असं धरून धोरण आखता येत नाही, हे त्या वर्षाने दाखवलं. फिनलंडला याची किंमत आता कळते आहे. २०३५ पर्यंत कार्बनतटस्थ होण्याची त्यांची योजना जंगलं मोठा वाटा उचलतील या भरवशावर उभी होती. पण तोड वाढली, वाढीचा वेग मंदावला, निचरा केलेल्या दलदली वायू सोडत राहिल्या, आणि २०२१ च्या अधिकृत हिशेबात त्या देशाचं जमीन-क्षेत्र शोषणाऱ्याचं उत्सर्जक झालं.

मला सगळ्यात पटणारा धोरणातला उपयोग मात्र जंगलातला नाहीच. तो ब्रिटनच्या पीट जमिनींचा आहे. हजारो वर्षं पाण्याखाली कुजत-न-कुजत साठलेली ही काळी माती, शेतीसाठी चर खणून कोरडी केली की हवेच्या संपर्कात येते आणि हळूहळू वायू होऊन उडून जाते. हे सर्वांना माहीत होतं. किती पाणी वर आणलं तर किती फायदा, हे माहीत नव्हतं. त्यामुळे चर्चा दोन टोकांवर अडकली होती: एकतर सगळी जमीन पुन्हा दलदल करा, नाहीतर शेती आहे तशी चालू द्या. २०२१ मध्ये क्रिस इव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटन-आयर्लंडमधल्या टॉवरांच्या नोंदी एकत्र केल्या आणि एक सरळ रेषा हाती आली. जमिनीतली पाण्याची पातळी दर दहा सेंटिमीटरने वर आणली की हेक्टरी वर्षाला किमान तीन टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन वाचतं, आणि पाणी पृष्ठभागापासून तीस सेंटिमीटरवर येईपर्यंत हा हिशेब लागू राहतो. त्यापुढे मिथेन डोकं वर काढू लागतो. म्हणजे भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याला पीक न सोडता पाणी अर्ध्यापर्यंत आणायला सांगता येतं, त्याबद्दल काय द्यायचं हेही ठरवता येतं. इथे मोजमापाने वादाचा विषयच बदलला. पूर्वी भांडण शेती हवी की नको यावर होतं, आता ते चरातल्या फळीची उंची किती ठेवायची यावर होऊ शकतं. दुसरं भांडण सुटण्याजोगं असतं.

‘झाडं लावायची सोडून मोजत काय बसायचं?’ हा आक्षेप आपल्याकडे अगदी चांगली माणसंही घेतात. महाराष्ट्राने २०१९ च्या पावसाळ्यात तेहेतीस कोटी रोपं लावायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. त्यांच्यातली किती जगली यावर पुढे राजकारण झालं, आरोप-प्रत्यारोप झाले. माझा प्रश्न त्याही पुढचा आहे. समजा सगळी जगली. खड्डे खणताना उलथलेल्या मातीने किती कार्बन सोडला, तिथे आधी असलेलं गवत काय करत होतं, पाचव्या वर्षी तो तुकडा घेणारा झाला की नाही? माळरान हे ओसाड रान समजून त्यावर झाडं लावायची आपल्याला इतकी सवय आहे की माळालाही त्याचा हिशेब असतो, हे कुणाच्या मनात येत नाही. गवत आपला कार्बन मुख्यतः जमिनीखाली ठेवतं, फोटोत दिसत नाही.

दुसरा आक्षेप जास्त शिकलेला आहे: उपग्रह असताना टॉवर कशाला? उपग्रह पानांवरून परतलेला उजेड पाहतो. त्या उजेडावरून पानांनी किती कार्बन घेतला असेल याचा अंदाज बांधायला गणित लागतं, आणि ते गणित जुळवलेलं असतं टॉवरांच्या नोंदींवर. टॉवरांच्या जागतिक जाळ्याचा, फ्लक्सनेटचा, २०१५ चा एकत्रित नोंदसंच २१२ ठिकाणांचा आहे. त्यातली बहुसंख्य उत्तर अमेरिका आणि युरोपातली. उष्ण कटिबंधातली मोजकीच. मग ओक आणि पाईनवर तालीम झालेलं गणित ऐन आणि किंजळाच्या जंगलावर लावलं जातं, आणि निघालेल्या सुबक रंगीत नकाशावर आपण विश्वास ठेवतो. आकाशातून मातीचं श्वसन दिसत नाही, रात्र तर अजिबात नाही.

ही तालीम किती फसवते याचा धडा ब्राझीलमध्ये मिळाला. सांतारेम-कुयाबा महामार्गालगतच्या तापाजोस अरण्यात टॉवर आहेत. संशोधक त्यांना मैलाच्या दगडावरूनच ओळखतात, ‘किलोमीटर ६७’, ‘किलोमीटर ८३’. संगणकी प्रारूपं सांगत होती की अ‍ॅमेझॉन पावसाळ्यात कार्बन घेतं, कोरड्या महिन्यांत सोडतं. स्कॉट सॅलेस्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवलं की तिथे बरोबर उलट होतंय. झाडांची खोल मुळं कोरड्या महिन्यांतही पाणी पुरवतात आणि ऊन भरपूर असतं. पावसाळ्यात ओला पालापाचोळा भराभर कुजून वायू सोडतो.

आपल्याकडे काझीरंगात पुण्याच्या आयआयटीएमने, म्हणजे भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, टॉवर उभारला. तेजपूर विद्यापीठाबरोबरच्या त्या कामातून २०२२ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते तापाजोसची आठवण करून देणारं होतं. जंगलाने सगळ्यात जास्त कार्बन घेतला तो पावसाळ्याच्या आधी, आसामात वळीव पडतात तेव्हा. भर पावसाळ्यात ढगांनी ऊन अडवलं आणि आवक घटली. वर्षाची बेरीज तर जंगल घेतं त्यापेक्षा सोडतं जास्त अशी आली. बातम्या झाल्या, समाजमाध्यमांवर हळहळ व्यक्त झाली. पण थोड्या काळाच्या नोंदींवरून काझीरंगासारख्या जंगलाला दोषी ठरवणं पीटरशॅमच्या एकाच पडत्या वर्षावर निकाल देण्यासारखं आहे. तो आकडा म्हणजे एक गंभीर शंका आहे, आणि तिचं निरसन पुढची पंधरा वर्षं तिथेच बसून राहण्यानेच होईल. आपल्या व्यवस्थेला बातमी जमते, पंधरा वर्षं बसणं जमत नाही.

याचा पुरावा घराजवळच आहे. दक्षिण गोव्यात काब द रामच्या कड्यावर १९९३ पासून हवेचे नमुने काचेच्या कुप्यांत भरून ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ संस्थेकडे तपासणीला जात. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेबरोबरचं ते काम. जागा फार विचारपूर्वक निवडलेली: पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, तेव्हा अरबी समुद्राकडची स्वच्छ हवा मिळते, हिवाळ्यात तो जमिनीवरून येतो, तेव्हा भारताच्या शेतांचा, चुलींचा, कारखान्यांचा माग त्यात सापडतो. २००२ मध्ये ही नोंद थांबली. २००९ मध्ये पुन्हा सुरू झाली आणि २०१३ मध्ये परत थांबली. २००९ मध्येच आयआयटीएमने सिंहगडावर कुप्या भरायला सुरुवात केली, हे चांगलंच झालं. पण भारताची अर्थव्यवस्था उसळी मारत होती ती नेमकी मधली सात वर्षं गेली ती गेली. त्या सात वर्षांची हवा आता कुठल्याही निधीतून आणता येणार नाही. हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत चार्ल्स कीलिंगने १९५८ मध्ये सुरू केलेल्या नोंदीतही १९६४ मध्ये पैसे आटल्यामुळे काही महिन्यांचं भगदाड पडलं, आणि त्या जगप्रसिद्ध आलेखात ते आजही दिसतं. म्हणजे हा रोग केवळ आपला नाही. तिथे फरक इतकाच पडला की एक हट्टी माणूस आयुष्यभर निधी देणाऱ्यांशी भांडत राहिला.

हट्टी माणसांवर विसंबून राहावं लागू नये म्हणून युरोपने २०१५ मध्ये आयकॉस या संस्थेला कायदेशीर रूप दिलं. मुख्यालय हेलसिंकीत, सभासद राष्ट्रांनी पैसे भरायचे, केंद्रांनी ठरलेली यंत्रं ठरलेल्या पद्धतीने चालवायची आणि नोंदी सर्वांना खुल्या ठेवायच्या. अमेरिकेतलं निऑन हे जाळं तर तीस वर्षांसाठी म्हणूनच आखलं आहे. आपल्याकडे इस्रोच्या राष्ट्रीय कार्बन प्रकल्पातून टॉवर उभे राहिले, त्यातला एक मेळघाटाला लागून असलेल्या मध्य प्रदेशातल्या बेतूल जिल्ह्यात, सागवानाच्या जंगलात. आयआयटीएमचं वेगळं जाळं आहे. माणसं उत्तम आहेत, यंत्रं जगात कुठेही असतात तीच आहेत. मात्र प्रकल्प म्हटलं की त्याला मुदत येते, मुदतवाढीचा अर्ज येतो, आणि टॉवरवर चढून महिन्याला भिंगं पुसणारा कंत्राटी सहायक मधल्या सहा महिन्यांत दुसरी नोकरी धरतो. टॉवरच्या उद्घाटनाला पाहुणे मिळतात. प्रमाणित वायूच्या टाक्या संपल्या की त्या मागवण्यासाठी मात्र फाईल फिरते.

आणि हे आपल्याला जमतच नाही असंही नाही. १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानंतर आणि १८६६, १८७१ च्या अवर्षणांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं. गावोगावच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी रोज, बिनचूक, कुणाला फारसं कौतुक नसताना होत राहिल्या. १८९९ च्या भीषण दुष्काळानंतर गिल्बर्ट वॉकर त्या खात्याचा प्रमुख होऊन आला आणि त्याने या नोंदी जगभरच्या दाबाच्या आणि तापमानाच्या नोंदींशी ताडून पाहिल्या. त्यातून प्रशांत महासागरावरचा हवेच्या दाबाचा तो झोपाळा सापडला, ज्याला आज एल निन्योच्या संदर्भात प्रत्येक शेतकरी ओळखतो. पर्जन्यमापक बसवणाऱ्यांनी हे डोळ्यांपुढे ठेवलं नव्हतं. त्यांना ते ठाऊक असणं शक्यही नव्हतं. पुण्यातलं शिमला ऑफिस हे त्याच चिकाटीचं दगडी रूप. खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून तिथे आलं. पावसाच्या नोंदीला आपण कधी ‘प्रकल्प’ म्हटलं नाही, म्हणून ती टिकली. कार्बनच्या देवाणघेवाणीची नोंद हवामान खात्याच्या कामासारखी, खात्याच्या कायमच्या खर्चात बसवली पाहिजे. संशोधकांनी निबंध लिहावेत, जरूर लिहावेत. पण यंत्र चालू ठेवणं हे त्यांच्या निबंधांवर अवलंबून असता कामा नये.

एका मोहापासून मात्र सावध राहावं लागेल. कार्बन क्रेडिटचा बाजार भारतात येतो आहे, आणि टॉवर हा त्या बाजाराचा तराजू करावा, म्हणजे त्याला पैसाही आपोआप मिळेल, अशी सूचना येणारच. मला ती घातक वाटते. टॉवर काही शे मीटर ते फार तर किलोमीटरभर परिसराची हवा पाहतो, आणि वारा बदलला की तो परिसरही बदलतो. तालुक्याच्या जंगलाची पावती त्यावर फाडता येत नाही. शिवाय निपचित रात्रींची ती रेघ आठवा. ती कुठे ओढायची यावर लाखो रुपये अवलंबून राहिले तर ती कुठल्या बाजूला सरकेल, हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. टॉवरचा उपयोग विकायचे टन मोजण्यासाठी नसावा. विकणाऱ्यांची सूत्रं, उपग्रहांची प्रारूपं आणि डेहराडूनचे तक्ते त्यावर घासून पाहता यावेत, यासाठी असावा. तपासनिसाला विक्रीवर दलाली मिळत असेल तर तपासणीला अर्थ उरत नाही.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर मी तीन प्रकारच्या जागा निवडीन. एक कोयनेच्या पठाराजवळचं सदाहरित रान, शक्य तेवढी सपाट जागा पाहून, जिथे जून ते सप्टेंबर ऊन दुर्मीळ असतं. एक सोलापूर-नगरकडचं गवताळ माळरान. आणि एक जोडटॉवर दोडामार्ग तालुक्यात, जिथे गेल्या दोन-तीन दशकांत खासगी मालकीचं जंगल तोडून रबर, काजू आणि अननसाच्या बागा झाल्या: एक टॉवर रबराच्या लागवडीवर, दुसरा शेजारच्या राखलेल्या रानावर, सारखीच यंत्रं, सारखीच पद्धत, आणि नोंदी पहिल्या दिवसापासून सर्वांना उघड्या. अहवालात हे दोन्ही तुकडे आज हिरवेच दिसतात.

या जोडीतून काय निघेल याचा अंदाज मला आहे, आणि तो मला सोयीचा नाही. तरुण रबर झपाट्याने वाढतं. पहिली दहा-बारा वर्षं कार्बन घेण्यात ते शेजारच्या जुन्या रानाला मागे टाकेल, असा संभव बराच आहे. मग तो आकडा लागवडदार मिरवतील, आणि रान वाचवू पाहणारे, ज्यांत मीही आहे, टॉवरच्या चुका दाखवायला लागतील. रबराचं आयुष्य संपून झाडं कापली जातील तेव्हा हिशेब कुठे जाईल, हे पाहायला टॉवर तिसाव्या वर्षीही उभा असावा लागेल. तोवर धनेशाची ढोली, उन्हाळ्यात टिकणारा ओहोळ आणि मातीची धूप ही रान राखण्याची कारणं आपापल्या जोरावर मांडावी लागतील. कार्बनच्या रकान्यात रबरापुढे जो आकडा येईल तो जसाच्या तसा छापावा लागेल.